पर्वतपुत्र कवी सुमित्रानंदन पंत

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत ज्ञातीतील कर्त्या स्त्रीपुरुषांची चरित्रे, कुलदैवतांचे माहात्म्य आणि मूळ गावांच्या हकिकती वाचावयास मिळाव्यात, अशी सभासद कुटुंबांची अपेक्षा असते व ती योग्यच आहे. असे असता यंदा आम्ही हिमालयाच्या कुशीत जन्मलेल्या एका हिंदी कवीची कथा सांगावयास बसलो आहोत. याचे थोडे स्पष्टीकरण आरंभीच करणे अगत्याचे आहे.

पहिले कारण नावातच आहे. 'पंत' हा शब्द ऐकताच मराठी माणसाचे कान टवकारतात. कुमाऊं प्रदेशातील पंत घराण्यांत पिढ्यानपिढ्या अशी समजूत चालत आली आहे की, त्यांचा मूळ पुरुष काही शतकांपूर्वी महाराष्ट्रातून, कोकणाच्या बाजूने, तीर्थयात्रेच्या निमित्ताने उत्तरेस गेला आणि तेथेच स्थायिक झाला. उत्तर प्रदेशचे पहिले मुख्यमंत्री व पुढे भारताचे गृहमंत्री झालेले गोविंद वल्लभ पंत यांच्या घराण्याविषयीही हेच सांगितले जाते. परंपरा आणि इतिहास या दोन गोष्टी एक नव्हेत, हे आम्ही जाणतो. तथापि सह्याद्रीची माणसे हिमालयात रुजली ही आठवण एखाद्या समाजाने इतकी वर्षे जतन करावी, हीच गोष्ट आपणांस जवळची वाटण्यास पुरेशी आहे.

दुसरे कारण अधिक घरगुती आहे. आपल्या मंडळातील पुष्कळ कुटुंबांची मूळ गावे सह्याद्रीच्या पायथ्याशी वा घाटमाथ्यावर आहेत, आणि पुष्कळांचे वास्तव्य दोन-तीन पिढ्यांपासून मुंबई-पुण्याकडे आहे. वार्षिक सभेनंतरच्या पंक्तीत कोणीतरी हटकून म्हणतोच, "गावचे घर यंदा काढून टाकले हो." मग क्षणभर सारे गप्प होतात, आणि वाढपी पुढे सरकला की बोलणे दुसरीकडे वळते. आम्हीही त्या गप्प बसणाऱ्यांपैकीच आहोत. डोंगर सोडून आलेल्या माणसाचे डोंगरावरील प्रेम खरे मानावे काय, आणि खरे असेल तर त्याचे मोल कोणते, हा प्रश्न त्या क्षणी मनात उभा राहतो. कविवर पंतांच्या आयुष्यात हाच प्रश्न जन्मभर उभा होता. म्हणून त्यांची कथा.

कौसानी आणि तिचा परिसर

उत्तराखंड राज्यात, आजच्या बागेश्वर जिल्ह्यात, अल्मोड्याहून सुमारे ५० किलोमीटर उत्तरेस कौसानी हे लहानसे गाव आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,८९० मीटर उंचीवर, चीड आणि देवदार वृक्षांनी आच्छादिलेल्या एका धारेवर ते वसले आहे. धारेच्या एका अंगास कोसी नदीचे खोरे आहे. दुसऱ्या अंगास कत्यूर खोरे आहे आणि त्यातून गोमती वाहते. उत्तरेकडे मुख करून उभे राहिले असता त्रिशूल, नंदादेवी, पंचचुली आदी हिमशिखरांची रांग क्षितिजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली दिसते. यांतील नंदादेवीची उंची ७,८१६ मीटर आहे. खाली कत्यूर खोऱ्यात बैजनाथाची प्राचीन दगडी मंदिरे आहेत. ज्या हिमालयाच्या वर्णनाने कालिदासाने आपल्या 'कुमारसंभवा'चा आरंभ केला, त्याचे दर्शन येथे अंगणात उभे राहून होते.

या भूमीचा राजकीय इतिहास थोडक्यात असा. अल्मोडा ही चंद राजांची राजधानी होती. १७९० मध्ये गुरख्यांनी कुमाऊं जिंकले, आणि १८१५ मध्ये इंग्रजांनी ते गुरख्यांकडून घेतले. इंग्रजी अमलात येथील जंगले हळूहळू सरकारजमा झाली, चहाचे मळे उभे राहिले आणि १८८४ मध्ये आगगाडी पायथ्याच्या काठगोदामपर्यंत येऊन पोहोचली. आगगाडीच्या वाटेने डोंगरातील तरुण माणसे नोकरीसाठी, विशेषेकरून पलटणीत भरती होण्यासाठी, खाली उतरू लागली. आपल्या कोकणात ज्याला मनिऑर्डरीवर चालणारा संसार म्हणत, तो तेथेही सुरू झाला. हे ध्यानी ठेवले म्हणजे कवीचे चरित्र नीट उमगते.

मातृहीन बालक

कौसानीच्या चहाच्या मळ्यात गंगादत्त पंत हे व्यवस्थापक होते. त्यांच्या घरी २० मे १९०० रोजी शेंडेफळ म्हणून एक पुत्र जन्मास आला, आणि जन्मानंतर काही तासांतच त्याची माता सरस्वतीदेवी निवर्तली. बाळाचे नाव गोसाईंदत्त ठेवण्यात आले. आजीने त्याचा सांभाळ केला.

आईचा चेहराही न पाहिलेले मूल कोणाकडे पाहून मोठे झाले असेल, याचे उत्तर कवीने पुढे अनेक वेळा दिले आहे. कौसानीचे वनपर्वत हेच आपले मातृअंक होते, असा त्यांचा भाव होता. स्वतःच्या काव्यजीवनाचा आढावा घेताना त्यांनी स्पष्टपणे लिहिले की, कवितेची प्रेरणा आपणांस सर्वप्रथम निसर्गाच्या निरीक्षणातून मिळाली आणि तिचे श्रेय जन्मभूमी कूर्मांचलास आहे. कूर्मांचल हे कुमाऊंचेच संस्कृत नाव होय.

दहा-अकरा वर्षांचा झाल्यावर हा मुलगा अल्मोड्याच्या सरकारी शाळेत दाखल झाला. तेथे त्याने एक अजब गोष्ट केली. वडीलधाऱ्यांनी ठेवलेले गोसाईंदत्त हे नाव त्याने टाकून दिले आणि 'सुमित्रानंदन' असे नवे नाव धारण केले. रामायणातील लक्ष्मणाचे हे नाव. लक्ष्मणाची बंधुनिष्ठा मुलाच्या मनात भरली होती, असे चरित्रकार सांगतात, व ते खरेच असेल. आम्हांस मात्र त्या नावात आणखी काही दिसते. लक्ष्मणाची पुष्कळ नावे आहेत. त्यांतून या मुलाने नेमके असे नाव उचलले की ज्याच्या पहिल्या अर्ध्या भागात एक माता उभी आहे. ज्याला आई नाही, त्याने स्वतःस कोणा आईचा पुत्र म्हणवून घेतले. ज्या भगिनींनी पोरकी मुले वाढविली आहेत, त्यांना यातील मर्म विशद करून सांगावे लागणार नाही.

मैदानातील पर्वतकाव्य

१९१८ मध्ये हा तरुण वडील बंधूंसमवेत काशीस आला, आणि पुढच्या वर्षी अलाहाबादच्या म्योर सेंट्रल कॉलेजात दाखल झाला. आपल्याकडे याच १९१८ साली निसर्गकवी बालकवी ठोमरे यांचा रेल्वेच्या अपघातात अकाली अंत झाला. एक निसर्गकवी महाराष्ट्रात मावळला त्याच वर्षी दुसरा डोंगर उतरून काशीस आला, हा केवळ योगायोग असला तरी ध्यानात राहण्याजोगा आहे.

काशी-प्रयागास पंतांनी रवींद्रनाथ आणि इंग्रजीतील निसर्गवादी कवी यांचे वाचन केले. 'वीणा', 'ग्रंथि' आणि 'पल्लव' या आरंभीच्या रचनांनी त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. जयशंकर प्रसाद, सूर्यकांत त्रिपाठी निराला, महादेवी वर्मा आणि पंत असे छायावादाचे चार स्तंभ मानले जातात. त्या काळी हिंदी काव्याची प्रतिष्ठित भाषा ब्रज होती. बोलण्याच्या खडीबोलीत कोमल काव्य होऊ शकत नाही, असा पंडितांचा दंडक होता. 'पल्लव'च्या दीर्घ प्रस्तावनेत पंतांनी या दंडकास उघड आव्हान दिले आणि संग्रहातील कवितांनी ते सिद्ध करून दाखविले. डोंगरावरील पावसाळ्याचे त्यांचे वर्णन उत्तर भारतातील शाळांत मुलांना शिकविले जाते.

येथे एक गोष्ट वाचकांच्या ध्यानी आणून द्यावीशी वाटते. पर्वतावरील यांतील पुष्कळ काव्य पर्वतावर नव्हे, तर गंगेच्या सपाट मैदानात वाढीस लागले. कौसानीत असताना तो मुलगा डोंगर पाहात होता. प्रयागच्या धुळीत आणि उन्हाच्या झळांत त्याला डोंगर आठवू लागला. जवळ असलेली वस्तू माणूस वापरतो, आणि दुरावलेल्या वस्तूस नाव देतो. आपल्या घरांतील वृद्ध माणसे मुंबईच्या खोलीत बसून गावच्या विहिरीचे पाणी, वाडीतला फणस आणि देवळापुढचा पार यांचे जे वर्णन करीत, तसे वर्णन गावातच आयुष्य काढलेल्या त्यांच्या भावाने कधी केलेले आम्ही ऐकले नाही.

जे कवितेत आले नाही

परंतु अशा आठवणीत एक दोषही असतो, आणि इतिहास लिहिताना तो झाकून चालणार नाही.

१९२१ मध्ये महात्मा गांधींच्या असहकाराच्या हाकेस ओ देऊन पंतांनी कॉलेज सोडले. त्याच वर्षी, जानेवारी महिन्यात, त्यांच्या जन्मभूमीत एक मोठी घटना घडली. इंग्रजी अमलात कुमाऊंच्या खेडुतांवर 'बेगार' लादलेली होती. साहेबाचा मुक्काम हलला की त्याचे सामानसुमान पाठीवर घेऊन चढउतार करणे, त्याच्या छावणीस दूध, लाकूडफाटा व धान्य पुरविणे, हे पाळीपाळीने करावे लागे. मोबदला नाममात्र मिळे किंवा मिळतच नसे. कोणाची पाळी केव्हा, याची नोंदवही गावच्या प्रधानाकडे असे. मकरसंक्रांतीस, म्हणजे तिकडील उत्तरायणीस, बागेश्वर येथे सरयू आणि गोमती यांच्या संगमावर मोठा मेळा भरतो. १९२१ च्या मेळ्यात बद्रीदत्त पांडे, हरगोविंद पंत आदी पुढाऱ्यांच्या उपस्थितीत हजारो खेडुतांनी यापुढे बेगार न करण्याची शपथ घेतली आणि त्या नोंदवह्या सरयूच्या प्रवाहात भिरकावून दिल्या. रक्ताचा थेंब न सांडता ती जुलमी प्रथा मोडली.

संगमावर येऊन मिळणारी ती गोमती कौसानीच्या पायथ्याच्या खोऱ्यातूनच वाहात येते. ज्या पायवाटा कवीला लहानपणी फुलांनी आणि धुक्याने भरलेल्या दिसत, त्याच पायवाटांनी ते वाकलेले भारवाहक जात होते. 'पल्लव'मध्ये डोंगर आहे, निर्झर आहे, ढग आहे, पाखरू आहे. मात्र पाठीवर ओझे घेऊन चढण चढणारा माणूस आमच्या वाचनात तेथे ठळकपणे आला नाही. यासाठी विशीतील कवीस दोष द्यावा असे आम्ही म्हणत नाही. पर्वतालाच आई मानणाऱ्या मुलाला आईच्या अंगावरील वळ दिसण्यास वेळ लागतो. परंतु दूर राहून केलेल्या प्रेमाला दृश्य तेवढे आठवते आणि कष्टाचा विसर पडतो, ही गोष्ट खरी आहे. आपणही गावच्या आठवणी काढतो तेव्हा आमराई आठवते. आमराई शिंपणाऱ्याचे नाव क्वचितच आठवते.

घर गेले

यानंतर कवीच्या आयुष्यात जो प्रसंग आला, तो आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीचा आहे. पंतांचे घराणे सुखवस्तू होते. परंतु घरावर कर्जाचा डोंगर झाला, त्या विवंचनेतच पित्याचा अंत झाला, आणि देणी फेडण्यासाठी जमीन व घर विकणे भाग पडले. ज्या हिमशिखरांनी त्यांना कवी केले, ती शिखरे तेवढी जागच्या जागी राहिली. त्यांच्याकडे पाहण्याचे हक्काचे अंगण गेले.

अशा वेळी माणूस एक तर कडवट होतो, नाही तर गेलेल्या वैभवाची कवने गात बसतो. पंतांनी या दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. १९३१ मध्ये ते आपले स्नेही कुंवर सुरेशसिंह यांच्याकडे, प्रतापगड जिल्ह्यातील गंगाकाठच्या कालाकांकर या गावी गेले आणि तेथे कित्येक वर्षे राहिले. ते अवधचे खेडे. तेथे हिमशिखरे नव्हती, होती ती उन्हातान्हात राबणारी माणसे. या वास्तव्यात कवीची दृष्टी पालटली. 'गुंजन' १९३२ मध्ये आले. १९३६ मध्ये आलेल्या संग्रहास त्यांनी 'युगांत' असे नाव दिले. ज्या सौंदर्यवादाने त्यांना कीर्ती मिळवून दिली, त्याचा काळ संपल्याची ग्वाही त्यांनी स्वतःच त्यात दिली. पुढे 'युगवाणी' आली आणि १९४० मध्ये 'ग्राम्या'. या संग्रहांत शेतकरी आहे, मजूर आहे, खेड्यातील स्त्री आहे, म्हातारा आहे. १९३८ मध्ये त्यांनी 'रूपाभ' नावाचे प्रागतिक विचारांचे मासिकही चालविले.

तेव्हा अनेक चाहते हळहळले. पर्वताचा कवी पर्वतास विसरला, मार्क्सवादाच्या नादी लागला, असे आक्षेप घेण्यात आले. आमचे मत याहून भिन्न आहे. ज्याचे स्वतःचे घर कर्जात गेले, त्याला दुसऱ्याच्या झोपडीचे छप्पर दिसू लागले, एवढाच याचा अर्थ. कौसानीत जी नजर माणसावरून सरकून शिखरावर जात होती, ती कालाकांकरला माणसावर स्थिरावली. आणि गंमत अशी की, अशी स्थिरावलेली नजर घेऊनच पंत पुन्हा पर्वताकडे वळले.

पुन्हा अल्मोडा

सुप्रसिद्ध नर्तक उदय शंकर यांनी १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अल्मोड्यास आपले संस्कृती केंद्र उघडले होते. पंतांचा त्या केंद्राशी निकटचा संबंध आला, आणि उदय शंकरांच्या १९४८ साली प्रदर्शित झालेल्या 'कल्पना' या चित्रपटाची गीते पंतांनीच लिहिली. याच सुमारास श्रीअरविंदांच्या विचारांचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. १९४७ मध्ये 'स्वर्णकिरण' प्रसिद्ध झाले, आणि त्यात हिमालय पुन्हा ठळकपणे अवतरला. हा हिमालय बाळाची आई नव्हता. आता तो मनुष्यजातीने कोठवर चढावयाचे, याची खूण म्हणून उभा होता. वीस वर्षांचा आणि सत्तेचाळीस वर्षांचा माणूस एकाच शिखराकडे पाहतो तेव्हा शिखर तेच असते. पाहणारा मधल्या काळात कोणत्या वाटेने गेला, याने दर्शनात फरक पडतो.

कौसानीही या काळात केवळ कवीचे जन्मस्थान राहिली नव्हती. १९२९ च्या जून महिन्यात महात्माजी तेथे राहिले आणि गीतेवरील आपल्या 'अनासक्तियोग' या ग्रंथाची प्रस्तावना त्यांनी तेथेच पुरी केली. १९४६ मध्ये त्यांच्या शिष्या सरलाबेन यांनी कौसानीस डोंगरी मुलींसाठी लक्ष्मी आश्रम स्थापन केला. लंडनमध्ये जन्मलेल्या या बाईने कुमाऊंच्या मुलींना सूत कातणे, शेती आणि लिहिणे-वाचणे शिकविले. येथे घडलेल्या मुलींपैकी विमलाबाई या पुढे सुंदरलाल बहुगुणा यांच्या सहधर्मचारिणी झाल्या. १९७३ मध्ये उत्तराखंडात 'चिपको' आंदोलन उभे राहिले, आणि १९७४ मध्ये रेणी गावी गौरादेवी व तिच्या सोबतच्या बायका झाडांना कवटाळून ठेकेदाराच्या माणसांपुढे उभ्या राहिल्या. आंदोलन चालविणाऱ्या मंडळींत सरलाबेनच्या प्रेरणेने घडलेले कार्यकर्ते होते. पंतांनी पर्वताची गाणी लिहिली. या स्त्रियांनी पर्वताची झाडे राखली. दोन्ही सेवांचा उगम एकाच डोंगरावर शोधता येतो, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

मानसन्मान आणि अखेर

पुढील चरित्र थोडक्यात सांगतो. १९५० ते १९५७ पर्यंत पंत आकाशवाणीत सल्लागार होते. १९६० मध्ये 'कला और बूढ़ा चाँद' या संग्रहास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९६१ मध्ये पद्मभूषण किताब मिळाला, आणि १९६४ मध्ये 'लोकायतन' हे महाकाव्य प्रसिद्ध झाले. १९६८ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांच्या 'चिदंबरा' या संग्रहास मिळाला. हिंदी भाषेस मिळालेले ते पहिले ज्ञानपीठ. आपल्या मराठीस तो मान पुढे १९७४ मध्ये वि. स. खांडेकर यांच्या रूपाने लाभला.

पंत आजन्म अविवाहित राहिले. मित्रांची घरे हीच त्यांची घरे. कवी हरिवंशराय बच्चन यांच्या थोरल्या मुलाचे 'अमिताभ' हे नाव त्यांनीच सुचविले, ही गोष्ट आता घरोघरी ठाऊक आहे. एकेकाळी स्वतःचे नाव स्वतः ठेवणाऱ्या या पुरुषाने मित्राच्या बाळासही असे नाव दिले, की ते साऱ्या देशाच्या तोंडी बसले.

२८ डिसेंबर १९७७ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, पंतांनी अलाहाबाद येथे देह ठेवला. पर्वताच्या कवीने डोळे मिटले ते गंगा-यमुनेच्या मैदानात. कौसानीतील त्यांच्या बालपणीच्या घराचे पुढे संग्रहालय झाले, आणि तेथे त्यांच्या वापरातील वस्तू, पुस्तके व हस्तलिखिते जपून ठेवण्यात आली. कर्जापायी जी भूमी कुटुंबाच्या हातून सुटली, तिनेच कवीस आपल्या पोटात पुन्हा जागा दिली.

आपणांस काय ?

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळतो. डोंगर सोडून आलेल्याचे डोंगरावरील प्रेम खरे काय ?

९ नोव्हेंबर २००० रोजी उत्तराखंड हे स्वतंत्र राज्य झाले. परंतु राज्य झाले म्हणून माणसे परतली नाहीत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत अल्मोडा आणि पौडी गढवाल या दोन डोंगरी जिल्ह्यांची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, आणि २०११ च्या शिरगणतीत त्या राज्यातील एक हजाराहून अधिक गावे निर्जन आढळली. दारांना कुलपे, अंगणात गवत, आणि समोर तीच हिमशिखरे. आपल्याकडील चित्र फार निराळे आहे असे कोणी म्हणू नये. कोकणातील कितीतरी घरे गणपतीचे पाच दिवस आणि शिमग्याचे चार दिवस एवढ्यापुरतीच उघडतात.

दुसरीकडे, डोंगरावर ज्यांनी राहावयाचे त्यांच्यावर डोंगरच कोसळत असल्याचेही आपण पाहिले. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या खोऱ्यात प्रलय झाला. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गेले. जुलै २०२१ मध्ये महाडजवळच्या तळीये गावावर आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर तोच प्रसंग ओढवला. सह्याद्रीच्या रांगांतील काही भागांस २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, याचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. परंतु ज्या वारशावर माणसे राहतात, त्या माणसांची चौकशी न करता त्याचा अभिमान बाळगणे म्हणजे विशीतील पंतांच्या नजरेने डोंगर पाहण्यासारखे आहे.

म्हणून आमचे उत्तर असे आहे. दूर राहणाऱ्याचे प्रेम खोटे नसते. पंत कौसानीतच राहिले असते तर कदाचित कौसानीची कविता झालीच नसती. परंतु ते प्रेम अर्धे असते. पाहिलेल्या दृश्याच्या मागची माणसे दिसू लागतात, तेव्हा ते पुरे होऊ लागते. पंतांना यासाठी घर गमवावे लागले आणि कीर्तीच्या ऐन भरात स्वतःच्याच कवितेचा काळ संपल्याचे सांगावे लागले. आपणांस इतकी जबर किंमत मोजावी लागणार नाही. गावचे घर विकणे ज्यांना प्राप्त झाले, त्यांना आम्ही दोष देत नाही. देणी कोणास चुकत नाहीत, पंतांच्या घराण्यासही चुकली नाहीत. आमचे सांगणे एवढेच की, घर विकले म्हणून गाव विकले असे समजू नये. गावच्या शाळेस पुस्तके, पाणवठ्याच्या दुरुस्तीस चार पैसे, पावसाळ्यात डोंगराखालच्या वाडीची दूरध्वनीवरून विचारपूस, घराची राखण करणाऱ्या कुटुंबाची नावानिशी ओळख, या गोष्टी विकलेल्या घराच्या खरेदीखतात लिहून दिलेल्या नसतात. त्या आपल्याकडेच शिल्लक राहतात.

या वर्षीच्या सुटीत मुलांना घेऊन मूळ गावी जाणाऱ्या कुटुंबांना आमची एक विनंती आहे. मुलांना डोंगर दाखवावा, आणि त्याच वेळी डोंगर चढून येणाऱ्या एका तरी माणसाचे नाव त्यांना विचारावयास सांगावे. कोणी सांगावे, त्यांच्यातील एखादे मूल पुढे लिहू लागेल, आणि त्याच्या लिहिण्यात डोंगर व माणूस ही दोन्ही पहिल्यापासूनच एकत्र येतील.

मातेविना वाढलेल्या, पर्वतास माता मानणाऱ्या आणि अखेरीस पर्वतावरील माणसासकट पर्वतावर प्रेम करण्यास शिकलेल्या या कवीस आपल्या सर्वांच्या वतीने अभिवादन करून आम्ही लेखणी खाली ठेवतो.